‘भोंगा’ ही कविता वामनची

वामन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत वर्गावर होतो. मुलांना सोडून दिलं, पण खुर्चीवरून उठवेना. आमची मैत्री सगळ्या सोलापूरला ठाऊक; तिच्या पोटात काय होतं ते मात्र आम्हा दोघांनाच.

तरुणपणी वामन कविता करी आणि मी म्हणून दाखवी. त्या काळी गाऊन दाखवल्याखेरीज कविता लोकांपर्यंत जात नसे, आणि वामनचा आवाज फाटका. पहाटे भोंगा झाला की तान्हं पोर निजलेलं सोडून गिरणीत जाणाऱ्या बाईवर त्यानं ‘भोंगा’ लिहिली. गणेशोत्सवात मी ती म्हटली. बायाबापड्या रडल्या. अध्यक्ष वकीलसाहेब उठले, “असा कवी आपल्या गावात आहे!” म्हणत त्यांनी माझ्याच गळ्यात हार घातला. वामन समोर बसलेला. ‘साहेब, कवी ते तिकडे आहेत,’ एवढंच म्हणायचं होतं... मी हात जोडले.

परतताना तोच म्हणाला, “जाऊ दे की रे. हार घालून मी पोळ्याचा बैल दिसलो असतो.” दोघंही हसलो. पुढं एका मासिकानं कविता माझ्या नावावर छापली, मग ती शाळेच्या पुस्तकात गेली. दर वेळी वाटे, आता खरं सांगून टाकावं. दर वेळी कुणीतरी अभिनंदनाला दारात उभं असे.

वामन पुण्याला मराठीचा प्राध्यापक झाला. त्याच्या तासाला इतर वर्गांतली मुलंही दाराशी उभी राहून ऐकत म्हणे. दुसऱ्यांच्या कविता त्यानं जीव ओतून शिकवल्या. स्वतःची ओळ पुन्हा लिहिली नाही. मी एकदा विचारलंही. “कवी तू. मी आपला मास्तर,” म्हणाला. यात टोमणा नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

क्षयानं पोखरल्यावर तो सोलापुरात परतला. शेवटच्या भेटीत म्हणाला, “म्हण की एकदा.” मी म्हणू लागलो. दुसऱ्या कडव्यापासून त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता... मी माफी मागणार, तेवढ्यात वहिनी काढा घेऊन आल्या. खरं तर त्या आल्या म्हणून मला सुटल्यासारखं झालं.

परवा त्यांच्याकडे गेलो. खाट उचलली होती. उशाकडच्या भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग तेवढा उरलाय. त्याची थोरली इंदू जवळ येऊन बसली.

“काका, आम्हाला तुमची कविता पाठ करायला दिलीय.”

“माझी नाही गं ती. तुझ्या नानांची आहे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “बघ की गं आई, मला बरं वाटावं म्हणून काका काहीही सांगतायत. नाना कुठं कविता करायचे?”

मी वहिनींकडे पाहिलं. त्याही माझ्याकडे तशाच बघत होत्या. त्यानं घरातसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.