भार तितकोच रवाक होयो

आईचा उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्यात कळा सुरू झाल्या तेव्हा वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी बजावलं, आजच्या आज बेळगाव गाठा, नाहीतर हाही जाईल. नेमकी आंबोली घाटात दरड कोसळून एसटी बंद. गोव्यात जाऊन रेल्वेने घाट चढण्यावाचून इलाज नव्हता. आमच्याकडचे बरेचजण त्या दिवशी त्याच गाडीत होते, नारळांच्या पोत्यांसकट.

घाटाच्या मध्यावर मागून रेटणारं इंजिन बंद पडलं. पुढच्या एकट्याला चढ झेपेना; ओल्या रुळांवर चाकं जागच्या जागी फिरू लागली. गार्ड सांगत आला, वजन कमी करायला गाडी तोडणार. अर्धे डबे आधी वर नेणार, मग इंजिन उरलेल्यांसाठी परत येणार. आम्ही शेवटच्या डब्यात! वरच्या स्टेशनात आम्हाला पुढे नेणारी बेळगावची गाडी उभी होती, ती मागच्यांसाठी थांबणार नव्हती.

डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईला धरून मी खडीवरून पुढे धावले. पुढच्या डब्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दारातल्या दोघा नारळवाल्यांना मी सगळं सांगितलं, जवळजवळ ओरडूनच. ते पोती घेऊन खाली उतरले.

"तुमी दोघां चढा. आमी दोघे उतरलो. भार तितकोच रवाक होयो."

गार्ड हसला. म्हणाला, भार तेवढाच राहायला हवा म्हणे! डब्याच्या लोखंडापुढे माणसांचं वजन ते काय? दाटीवाटीने तुम्हीही चला. ते जागचे हलेनात, तेव्हा माझा पारा चढला. "अहो, पावसात काय उभे राहताय? चढा!"

"नको गो बाय. इंजिन अडला तर तुझ्या आवशीचा काय?"

एकाने रुळावर नारळ फोडला आणि भर पावसात गाऱ्हाणं घातलं, "बा घाटातल्या म्हाराजा, ह्या माऊलेचो डोळो सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा डबा ओरडला. गाडी हलली. मला रडू आवरेना.

डोळा वाचला. पुढे दरवर्षी गावच्या जत्रेत आई त्या दोघांसाठी नारळ ठेवायची. गाऱ्हाणं घालणारा नावं विचारायचा.

"नावां खंयची? डोळ्यार पट्टी, तेंका बघूकसुद्धा गावाक नाय माका," आई त्याला म्हणायची. "पण आज मी तुका बघतंय मा, तां तेंच्यामुळे."