बेटावरचं मैदान आणि माझा अर्ज

तमाम नागरिकांस, खाडीच्या दोन्ही काठांवरील रहिवाशांस व भरती-ओहोटीस कळविण्यात येते की, शासनाचे क्रीडा धोरण आमच्या बेटावर येऊन पोहोचले आहे. ते होडीतून आले. येताना थोडे भिजले. तरी सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात, आणि टाळ्या कमी पडल्यास पलीकडच्या काठावरून माणसे मागवावीत.

माणसं मागवावी लागतील, हे मी गमतीने लिहिलेलं नाही.

आमचं बेट म्हणजे खाडीच्या पोटातलं एक टेकाड. वर घरं, खाली माड, मग खारं पाणी. रत्नागिरीपासून तासाभराची एसटी आणि पुढे होडी. गाडी नाही, गाडीरस्ता नाही. सपाट म्हणावी अशी जागा एकच, देवळासमोरचं खळं. भात तिथेच झोडायचं आणि झोडणी आटपली की तिथेच कबड्डी. शिमग्यात वरची वाडी विरुद्ध खालची वाडी असा सामना व्हायचा. त्या एका दुपारसाठी मुंबईतले चाकरमानी रजा टाकून यायचे. देवासाठी येतो म्हणून सांगायचे. देवाला खरं काय ते ठाऊक होतं.

मैदान कोणा एकाचं नव्हतं, पण जीव त्यात माझ्या काकाचा होता. वडिलांचा हा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही आणि बेटही सोडलं नाही. झोडणीनंतर मैदानावर नवी माती पडायची. प्रत्येक घराने एक टोपली आणायची, आणि ओतताना आपल्या घराचं नाव मोठ्याने घ्यायचं, अशी रीत. जी घरं कुलूप लावून गेली त्यांच्या टोपल्या काका वाहायचा. नावंही तोच घ्यायचा. माझ्या लहानपणी त्याच्या वाट्याला अशा दोनच टोपल्या यायच्या. अलीकडे तो सकाळी सुरू करायचा ते उन्हं कलेपर्यंत त्याचं संपायचं नाही.

"बंद घराची कसली टोपली, काका?" मी एकदा म्हणालो. "तिथे आता उंदीरसुद्धा राहत नाही."

"शिमग्याला येतील ना पोरं? मग पडतील ती कोनाच्या मातीवर? परक्याच्या?"

मी माझी टोपली ओतली, शहरी माणसाला शोभेल अशी अर्धीच भरलेली, आणि वर आमच्या घराचं नाव मात्र असं ठोकलं की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकली.

पण माती कितीही टाकली तरी खालचा कातळ वर येत होता. एका शिमग्याला चाकरमानी पोरांनी सोललेली ढोपरं दाखवून काकाला सांगितलं, "काका, मुंबईत आम्ही मॅटवर खेळतो. मॅट आणा, नाहीतर पुढच्या वर्षाचं काय खरं नाय."

चार दिवसांनी काका रत्नागिरीत माझ्या दारात. हातात नारळांची पिशवी.

"तू मास्तर. अर्ज लिव."

वाचकहो, अर्ज हा माझा प्रांत. विनंती, विशेष विनंती आणि साष्टांग विनंती असे तिन्ही प्रकार मला येतात. फॉर्म पुढे ठेवून बसलो. एका रकान्यात विचारलं होतं, "अस्तित्वात असलेल्या क्रीडा सुविधा." मी तिथे डौलात लिहिलं, "निरंक."

"म्हंजे काय?" काका.

"म्हणजे काही नाही."

"काय नाय कसा? मैदान हाय की!"

"मैदान आहे म्हटलं तर ते म्हणतील, आहे ना, मग कशाला मागता? सरकारपुढे जितकं गरीब दिसू तितकं बरं. बघ तू गंमत."

नकाशातही खळ्यावर चौकोन काढून मी लिहिलं, "मोकळी पडीक जागा." काकाने त्या चौकोनाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग गावच्या क्रीडामंडळाचा अध्यक्ष म्हणून त्याने सही केली, एकेक अक्षर कोरून. माझ्यावर विश्वास होता ना.

उत्तर आलं. मॅटसाठी ती ठेवायला पक्की इमारत हवी आणि तिथवर गाडीरस्ता असल्याचा दाखला हवा. आमचं बेट बसत होतं ते एकाच योजनेत, खुल्या व्यायामशाळेच्या. कचेरीतून फोन आला, "घेताय ना?" मी काकाला न विचारता "घेतो" म्हणालो. आधी हे पदरात पाडू, मॅटचं पुढे बघू, असा माझा मुत्सद्दीपणा. आणि जागेचं काय? जागा माझ्याच नकाशावर होती.

ठेकेदाराची माणसं भरतीबरोबर आली. ओहोटीआधी त्यांना परतायचं होतं, म्हणून हात झपाझप चालले. खड्डे, सिमेंट, आठ निळी-पिवळी यंत्रं. त्या दिवशी काका नारळ घेऊन पलीकडच्या बाजाराला गेला होता. परत आला तेव्हा सिमेंट सुकत होतं.

त्याने फोन केला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्याने एवढंच विचारलं, "काढता येतील?"

"सरकारी मालमत्ता आहे, काका."

"बरा," म्हणाला, आणि फोन ठेवला.

पुढच्या शिमग्याला पोरं आली. यंत्रांवर झुलली, फोटो काढले, आणि दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या गावात मॅटवरच्या स्पर्धेला निघून गेली. त्यानंतरच्या वर्षी दोघंच आले. भात आता घरोघरी अंगणात झोडतात. माती टाकायचं कोणी काढत नाही. मी हा किस्सा मैफलीत रंगवून सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. "निरंक" म्हणताना भुवया कशा उडवायच्या तेही मला जमलंय. पण माझा आवाज तिथे जरा चिरकतो, आणि लोकांना वाटतं, तोही अभिनयच.

यंदा योजनेची पाहणी झाली. मॅडम होडीतून उतरल्या, नारिंगी जाकीट घातलेल्या, भल्या बाई. त्यांना यंत्रांचा वापर चालू असलेला फोटो हवा होता. बेटावर त्या दिवशी धड चालणारी माणसं सात. त्यांतला मी पाहुणा, चौघी बायका लाजून मागे सरकल्या, देवळाच्या गुरवाची कंबर धरलेली. उरला काका. सत्तरी ओलांडलेल्या काकाला आम्ही पायडलवर उभं केलं. तो निमूटपणे हातपाय हलवू लागला. मागे-पुढे, मागे-पुढे, एकाच जागी. पायाखाली सिमेंट, आणि सिमेंटच्या कडेला लाल मातीची एक पट्टी अजून शिल्लक.

"कसं वाटतंय, काका?" मॅडमनी कॅमेऱ्याआडून हसून विचारलं.

काका थांबला. आधी समोर बघितलं, मग दोन्ही बाजूंना, अगदी खेळाडूसारखं.

"बाय," तो म्हणाला, "ह्येच्यावर पकडायचा कोनाला?"