काइरझानचं विमान आणि बाल्कनीतली दोन कार्डं

आमच्या करागांडी शहरातल्या इमारतीत रायखान आपायला, म्हणजे आमच्या रायखान बाईंना, शहाणपण शिकवायला कुणी जात नाही. तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलंय तिने, मलाही. पण त्या हिवाळ्यात मी तोंडावर म्हणाले, "आपाय, डोकं फिरलंय तुमचं!"

तिचा नवरा काइरझान गव्हावर औषध फवारणारं विमान चालवायचा. हृदयाने दगा दिला, डॉक्टरांनी उडणं बंद केलं, आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून जो निजला तो उठेचना. मग हिने काय करावं? तीन पडदे मांडून कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ लावला. पडद्यावर चित्र उमटवतं ते ग्राफिक्स कार्ड; त्या एकट्याला तीन पडदे कुठले झेपायला! आकाश अडखळायचं, काइरझानला भोवळ यायची. "हे विमान नाही, गाढव आहे," म्हणून तो परत भिंतीकडे.

"एकाला झेपत नाही ना? मग दोघं ओढतील," आपाय म्हणाली. बंद पडलेल्या गेमिंगच्या दुकानातून तिने तसंच दुसरं कार्ड आणलं, पहिल्याच्या खाली बसवलं, वरून दोघांना जोडणारी पट्टी लावली. आणि चाललं की! पण दहाच मिनिटं. खालच्याची धग वरच्याला लागे आणि सगळंच तापून बंद पडे.

बाहेर उणे तीस. आपायने कॉम्प्युटरचा डबा उचलून बाल्कनीत ठेवला, हिवाळ्यासाठी साठवलेल्या घोड्याच्या मांसाशेजारी. तारा खिडकीतून आत.

आणि मग मी माती खाल्ली. मदतीला म्हणून गेले, रस्सा उकळला, आणि गार व्हायला पातेलं नेहमीसारखं बाल्कनीत नेऊन ठेवलं. उघडंच, त्या डब्याला खेटून. सगळी वाफ गारठलेल्या कार्डांवर बसली. आपायने बटण दाबलं. टक्. अंधार.

"शोल्पान! गार धातूवर वाफ बसली की काय होतं? सातवीत शिकवलं होतं ना तुला?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आतून काइरझान म्हणाला, "सोड गं आता. माझं उडणं संपलं."

"संपलं की नाही ते मी ठरवणार!"

तिने सगळं सुटं करून चादरीवर वाळत घातलं. तीन दिवस. मी म्हटलं, आता जोडून एकदा बटण दाबून बघू या का? "हात तर लावून बघ!"

रविवारी दुपारी डबा परत बाल्कनीत गेला. घरातली वाफ जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत नमदा, लोकरीचा जाड तुकडा, कोंबला. मला चहाचं आधणसुद्धा ठेवू दिलं नाही. बटण दाबलं, पंखे गरगरले, आणि तिन्ही पडद्यांवर आमचा माळ पसरला. जराही अडखळला नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. काइरझान खुर्चीत ताठ बसून वाऱ्याला शिव्या घालत होता, "मेल्या, डावीकडे काय ढकलतोस!" आणि त्याने विमान असं अलगद उतरवलं की मी टाळ्या पिटत किंचाळलेच.

त्याने मान वळवली. "रायखान, भूक लागलीय. पटकन वाढ, मला परत निघायचंय."

तीन महिन्यांत पहिल्यांदा तो काही मागत होता. आपाय ओट्याला धरून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसले, ताट काठोकाठ भरलं आणि त्याच्या मांडीवर नेऊन ठेवलं.