धुराचा रंग कोणता?

संस्थेत तिला सगळे ‘धूरबाई’ म्हणायचे. बोगद्यात गाडी पेटली तर धूर कुठून कुठे जाईल, हे ती संगणकावर काढायची. आग खोटी, गाडी खोटी, धूरही खोटा. आकडे मात्र खरे. चारचौघांत कुणी विचारलंच, तर तिचा नवरा सांगायचा, “आमची ही आगी लावते.” पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं त्याचं. विनोद करायला दिवसभर गिऱ्हाईक मिळायचं.

हे आकडे नुसते वाचून कुणाला काही कळत नसे. त्यांचं चित्र काढावं लागे आणि संस्थेत प्रत्येकाचं चित्र वेगळं. नाना निवृत्तीला टेकलेले. त्यांचं सॉफ्टवेअर त्यांच्याच वयाचं, काळ्या रेघांपलीकडे काही न जाणणारं. नुकतेच पीएच.डी. होऊन आलेल्या डॉक्टरांचा बाणा असा, की आलेख काढणारी आज्ञावली ज्याने त्याने स्वतः लिहावी. तयार सॉफ्टवेअर वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं. शेवटी संचालकसाहेबांनी फर्मान काढलं, “एक संस्था, एक सॉफ्टवेअर!” समिती नेमली आणि धूरबाईच्या गळ्यात निमंत्रकपदाचं लोढणं अडकवलं.

तिने सरळ मार्ग धरला. नव्याने खोदलेल्या बोगद्याचे आकडे होतेच. तेच तिघांना दिले: नानांना, डॉक्टरांना आणि महागडं सॉफ्टवेअर विकायला आलेल्या टायवाल्याला.

चित्रं आली तेव्हा ती चक्रावली. बोगद्याच्या मध्यावर आग लागली तर लोकांनी पळायचं ते दार टायवाल्याच्या चित्रात गडद निळं, शांत. नानांची धुराची एक रेघ त्याच दाराला चाटून गेलेली. डॉक्टरांच्या चित्रात दार पिवळंधमक. घरी तिने तिन्ही चित्रं टेबलावर मांडली, तर नवरा टायवाल्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, “हा निळा घे. हा खपेल.”

समितीचंही मत तेच पडलं. टायवाल्याने बोगदा पडद्यावर गोल गोल फिरवला, तशा संचालकसाहेबांसकट सगळ्यांच्या माना डोलल्या.

“वा! किती शांत वाटतं बघताना!” साहेब म्हणाले.

“साहेब, पण दारात धूर आहे की नाही?” धूरबाईने विचारलं.

“तो तांत्रिक मुद्दा झाला. आपण आज सॉफ्टवेअर निवडतोय.”

“रेघ बारीक आहे, पण आहे,” नाना पुटपुटले.

“तुमच्या रेघेला विचारतो कोण?” डॉक्टर उसळले. “माझं पिवळं बघा!”

दोघांची जुंपली. तेवढ्यात धूरबाईने उठून टायवाल्याच्या संगणकाचा ताबा घेतला. त्या सॉफ्टवेअरने सगळे रंग आगीजवळच्या दाट धुराच्या हिशेबाने वाटले होते. त्याच्यापुढे दारातला धूर त्याला किरकोळ वाटला, म्हणून निळा. माणसाला समोरचं दिसेनासं होतं तिथून पुढे लाल, एवढीच तिने रंगपट्टी बदलली. दार लालभडक झालं.

“ताई, ते सेटिंग आम्ही सहसा बदलत नाही,” टायवाला घाईघाईने म्हणाला.

“नकोच बदलायला,” साहेब म्हणाले. “खोदलेल्या बोगद्याबद्दल कशाला घबराट? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही पहिल्याच चित्रावर सही करा.”

तिचे कान तापले. एरवी ती वरिष्ठांपुढे फार बोलणारी नव्हती. “साहेब, हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! निळा रंग फासला म्हणून कुणाला श्वास घेता येणार नाही. मी सही करणार नाही.”

समितीने एकमताने ठराव केला: रंगांचा अर्थ ठरवायला उपसमिती नेमावी आणि तीत धूरबाई नसाव्यात.

ती जागेवर परतली. नोकरी जाते की काय, ही धाकधूक होतीच. तरी काम बोगद्याच्या लोकांसाठी होतं, समितीसाठी नव्हतं. तिने लाल दाराचं चित्र थेट बोगद्याच्या इंजिनिअरबाईंना पाठवलं. चहा निवायच्या आत फोन आला.

“हे डोक्याच्या उंचीवरचं आहे?” घोगरा आवाज होता.

“हो.”

“मग तिथे माणूस आंधळाच होणार. सॉफ्टवेअर कोणतं वापरलंत?”

“त्याचंच तर भांडण चाललंय.”

इंजिनिअरबाई खळखळून हसल्या. “भांडू द्या. दारामागच्या जिन्यातून बोगद्याकडे हवा ढकलणारा पंखा बसवला तर?”

धूरबाईने संगणकात पंखा बसवून पाहिला. आधी छोटा बसवला, धूर त्याला जुमानेना. मोठा बसवला, तसा धूर दारापाशी येऊन मागे वळला. खात्री म्हणून तिने नानांना आणि डॉक्टरांनाही आकडे दिले. पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं, आणि ते ऐकायला समिती हजर नव्हती.

पंखा बसला. संस्थेच्या चकचकीत पुस्तिकेत साहेबांचा फोटो छापून आला. खाली मजकूर होता: ‘नव्या सॉफ्टवेअरमुळे धोका वेळीच उघड.’ उपसमितीचं मात्र अजून लाल म्हणजे काय यावरच अडलं होतं. सॉफ्टवेअर खरेदी झालंच नव्हतं.

नाना पुस्तिका नाचवत तिच्या टेबलापाशी आले. “तक्रार करा, बाई!”

आधी तिला संताप आला, मग हसू फुटलं. “नाना, तक्रार केली तर समिती नेमतील.”

आणि पुढच्या बोगद्याला आग लावायला तिने संगणक पुढे ओढला.