तुळईवरचे भुंगेरे

गेल्या पावसाळ्यात लालबागच्या आमच्या चाळीत, गॅलरीच्या लाकडी तुळईवर अळंबी उगवली. पंख्यासारखी, एकावर एक. आई झाडूने पाडायची, ती पुन्हा उगवायची. मग तिच्यावर बारीक काळे किडे दिसू लागले, पाठीवर नारिंगी डाग असलेले. आईने कीटकनाशकाचा फवारा आणला.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. स्टुलावर चढून पाहिलं. असले भुंगेरे मी विद्यार्थ्यांना जंगलात, मरून पडलेल्या झाडांवर दाखवले होते.

"आई, हे लाकूड खात नाहीत. बुरशी खातात."

"मगे बरां झालां. खाऊंदेत."

"अगं, पण बुरशी लाकूड खातेय. आत कुजल्याशिवाय ती अशी बाहेर फुटत नाही."

मी स्क्रूड्रायव्हर टोचला. भिजलेल्या पावात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. आईने फवारा खाली ठेवला.

चाळीचे सेक्रेटरी म्हणाले, "गणपती होऊन जाऊ देत, मग बघू." पण त्याच रविवारी मोठ्या मूर्तींचं आगमन होतं, मिरवणूक आमच्या गॅलरीखालून जाणार होती. दरवर्षी ते बघायला शीवहून मामा सगळ्या गोतावळ्यासह येतो. आमची खोली टोकाची, गॅलरीचा तो कोपरा आमचाच. त्या तुळईखाली कुणी उभं राहू नये म्हणून सकाळीच आईने आणि मी तिथे खाट आडवी लावली.

मामा खाट सरकवू लागला. आईने त्याचा हात धरला.

"नको रे. लाकूड कुजलाहा. पोरीन बघितलां."

"जन्म गेला इथे उभं राहून बघण्यात," मामा म्हणाला. "आता किडे सांगणार मला, कुठे उभं राहायचं ते?"

"किडे नाय, मी सांगतंय."

खालून ढोल वाजत गेले. आम्ही सगळे खोलीत बसून नुसते ऐकत होतो. मामा न जेवता निघून गेला. त्या दिवशी काहीच पडलं नाही.

"पडलां असतां, तर त्याका पटलां असतां," आई भांडी आवरताना म्हणाली.

गणपतीनंतर मिस्त्रीने तुळई फोडली. वरचं कवच तेवढं लाकडाचं होतं, आत सगळा भुगा. मी फोटो मामाला पाठवले. त्याने पाहिले, उत्तर दिलं नाही. आता तिथे लोखंडी टेकू आहेत. यंदा आगमनाआधी आई स्वतः शीवला जाऊन त्याला आणणार म्हणते. तो येईल असं मला वाटत नाही.