गणूनं कपाळाला लावलेलं पान

सिपोराबाई आमच्या सापगावात नर्स म्हणून आल्या आणि निवृत्त झाल्यावरही इथंच राहिल्या. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. बोलणं आपल्यासारखंच मराठी, शनिवारी मात्र चूल पेटवत नाहीत. भावंडं कधीच इस्रायलला गेली. या गेल्या नाहीत. "तिथं माझ्याशी भांडणार कोण?" म्हणतात. अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली, माझ्या रेश्माचीही.

रेश्मा सहावीत आहे. शाळा सुटली की त्यांच्याकडे हिब्रू अक्षरं गिरवते. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे. देवानं जग याच अक्षरांतून घडवलं, असं त्यांचे जुने लोक म्हणत. वडिलांनी त्यांना ती प्रार्थनेच्या पोथीवरून शिकवली. सगळा अर्थ त्यांनाही लागत नाही, पण बोट ठेवून मोठ्यानं म्हणतात.

ती पोथी यंदा वाळवीनं खाल्ली. देवाचं नाव असलेला कागद ज्यू लोक जाळत नाहीत, फेकत नाहीत, माणसासारखा पुरतात. एरवी त्यांनी ती ठाण्याला प्रार्थनालयात नेऊन दिली असती, पण आता गुडघे साथ देत नाहीत. म्हणून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून परसात शेवग्याखाली पुरली. खड्डा खणायला रेश्मा होती.

शेजारच्या बाईजानं ते पाहिलं. त्यातच तिच्या मुलानं, गणूनं, म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला बैल बसला, तो उठेना.

बाईजा माझ्या दारात आली. "वयनी, म्हातारीनं काय तरी पुरलंय. तुमची पोर पन होती तिथं."

"जुनी पोथी होती गो."

"पोथी कोन पुरतं?"

करणीचा संशय एकदा चिकटला की सुटत नाही. म्हातारी कदाचित निभावून नेईल. पण माझ्या मुलीकडे कुणी बोट दाखवलं तर ती कुठं जाईल?

रेश्मा घरात नव्हती. मी धावत सिपोराबाईंच्या परसात गेले. गणू कुदळ घेऊन पोचला होता, मागे दहाबारा जण. त्यानं फडकं उकरून झटकलं. पानं मातीत पसरली. ती अक्षरं दिसताच सगळे मागे सरले.

"बघा, मंतर!" कुणीतरी ओरडलं.

रेश्मा पानं गोळा करायला पुढे झाली. मी तिचा दंड घट्ट धरला.

सिपोराबाई काठी टेकत आल्या. गणूचा पाय एका पानावर होता.

"पाय काढ रे. पायाळूच तू! जन्मलास तेव्हा पाय आधी, आताही पाय आधीच."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गणूनं पाय काढला, वाकून पान उचललं आणि कपाळाला लावलं. कागदाला पाय लागला की आपण सगळेच लावतो, तसंच. मग त्यानं पानावरची माती पुसली.

"मंग मंतर नाय हा?"

"देवाचं नाव आहे. आण इकडे. आणि आधी गुरांच्या डॉक्टरला बोलव."

त्यानं पान दिलं. जाताना मात्र रेश्माकडे बघून म्हणाला, "बैल उठला तर ठीक. नायतर बघू."

आम्ही तिघींनी पोथी पुन्हा पुरली. घरी आले तर मागच्या दारावर कोळशानं तीच अक्षरं लिहिलेली. मी फडकं ओलं केलं.

"पुस आई, चालेल," रेश्मा म्हणाली. "त्यात देवाचं नाव नाही. नुसतं माझं आहे."

मी पुसलं. दोनदा पुसलं. लाकडात थोडं काळं उरलंच.

डॉक्टर येऊन गेला. गणूच्या गोठ्यात अजून दिवा जळतोय. बैल उठलेला नाही.