देवघरातला राउटर

मंडळी, इथे ग्रुपवर लोक भुताखेतांचं लिहितात ते मी रोज वाचते, आणि खरं सांगायचं तर हसते. पिंपळाखालची बाई, आपोआप हलणारा पाळणा... माझ्या डोक्यात लगेच येतं – वारा असेल, उंदीर असेल, नाहीतर सांगणाराच लबाड असेल. माझा स्वभावच संशयी. दूधवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांना मी आधी तपासते, मग मानते. त्यामुळे आज मी इथे लिहायला बसलेय हे माझं मलाच विचित्र वाटतंय.

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर भागात, माधवगंजमध्ये. दुमजली, साधं. खाली मी, वर माझी मोठी जाऊ. मी त्यांना वैनी म्हणते. दोघींचे नवरे गेले, माझी लेक कॅनडात, त्यांचा मुलगा मंदार नोएडाला. म्हणजे घरात आम्ही दोघीच म्हाताऱ्या. एक देवाची, एक वायफायची.

वायफायची म्हणजे मी. हसू नका. आमच्या स्वयंपाकघरात नेट पोचत नव्हतं, तिथून सुरुवात झाली. कंपनीचा माणूस म्हणाला, माताजी, नया प्लान ले लो. मी म्हटलं, प्लान राहू दे, आधी हा डबा आत कसा आहे ते बघू. व्हिडिओ बघत बघत शिकले. राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर – फर्मवेअर म्हणतात त्याला – ते काढून आपल्या मर्जीचं घालता येतं. मग तो तुमचं ऐकतो. पहिले दोन-तीन राउटर माझ्या हातून कायमचे दगड झाले, पण दौलतगंजच्या कबाड्याकडे भंगारात जुने ढिगाने मिळतात. पुढे सोल्डरिंग आयर्न घेतलं, मोठे अँटेना लावले, आतल्या बोर्डाला तारा जोडायला शिकले. मोहल्ल्यात कुणाचं नेट अडलं की लोक म्हणतात, मराठी आंटी को बुलाओ.

आता वैनींचं. आमच्याकडे नवरात्रात अखंड दिवा असतो. घट बसले की लागतो, उठेपर्यंत विझू द्यायचा नाही. सासरे म्हणायचे, दरबार गेला, मनसब गेली, दख्खनेतून आणलेला दिवा तेवढा राहिला. हे सगळं वैनी करतात. पण मागच्या वर्षी दुपारी त्यांचा डोळा लागला आणि दिवा शांत झाला. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. मंदारने तेव्हाच सांगून टाकलं होतं, आईला आता झेपत नाही, पुढच्या वर्षी असं झालं तर नोएडाला नेणार, बहस नको.

वैनींना नोएडा म्हणजे काळं पाणी. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली उतरायला कार्ड लागतं, शेजारी कोण ते ठाऊक नाही. या वर्षी घट बसायच्या आधी त्या माझ्याकडे खाली येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कुमुद, तुझ्या त्या डब्यांना दिवा दिसतो का गं?"

मी म्हटलं, दिसेल की.

रस्त्यावरचे दिवे अंधार पडला की आपोआप लागतात ना, तसला प्रकाश ओळखणारा छोटासा सेन्सर मिळतो. तो मी एका जुन्या राउटरच्या बोर्डाला जोडला. सेन्सरवर रिकाम्या पेनाची नळी बसवली, म्हणजे त्याला फक्त ज्योत दिसेल, खिडकी नाही, ट्यूबलाइट नाही. बिजली गेली तर म्हणून बॅटरी. ज्योत दिसेनाशी झाली की राउटर माझ्या मोबाइलवर मेसेज पाठवणार. मेसेज यायचा ‘देवघर’ या नावाने. त्यात ‘दिवा विझला’ लिहायला वैनींनी बंदी केली, असलं अभद्र घरात लिहायचंसुद्धा नाही म्हणे. म्हणून लिहिलं – ‘दिवा पाहा.’ मंदारने हट्ट केला की मेसेज त्यालाही हवा. मी दिला. त्याचंही काम कम्प्युटरचंच, त्यामुळे पासवर्डही त्याच्याकडे होते.

पहिल्या दोन माळा छान गेल्या. वैनी दुपारी निवांत पाठ टेकू लागल्या. तिसऱ्या माळेला दुपारी मी भांडी आवरत होते तर मोबाइल वाजला. ‘दिवा पाहा.’

गुडघे धरत जिना चढले. दिवा मस्त तेवतोय. वैनी समोर खुर्चीत, हातात जपमाळ. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "कुमुद, दिवा आहे ना गं?"

मी म्हटलं, आहे की, समोरच तर आहे. मला वाटलं माझ्या धावण्याने घाबरल्या. तेवढ्यात मंदारचा फोन. बघ काकू, मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं, अरे बाबा, दिवा चालू आहे, मशीन चुकलंय. तो म्हणाला, मशीन तर तूच बनवलंय ना.

झोंबलं मला ते. सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मेसेज, मी वर, दिवा ठणठणीत, आणि वैनींचा तोच प्रश्न, दिवा आहे ना गं?

आता माझा स्वभाव जागा झाला. सेन्सर नवा, तारा मी स्वतः तपासलेल्या. मग हे करतंय कोण? ‘देवघर’च्या नावाने मेसेज पाठवायची चावी दोघांकडेच – मी आणि मंदार. आणि वैनी नोएडाला जाव्यात हे कुणाला हवंय? मी सगळे पासवर्ड बदलले, बाहेरून राउटरमध्ये शिरायचे रस्ते बंद केले, आणि मंदारला फोन लावून सरळ विचारलं, की बेटा, हे उद्योग तुझे आहेत का?

तो म्हणाला, "काकू, आईला मला न्यायचंच आहे. पण तिचा दिवा विझवून नाही. इतना तो समझो."

मी फोन ठेवला, पण विश्वास ठेवला नाही. आणि पाचव्या माळेला मेसेज पुन्हा आला!

मग उरलं कोण? मंडळी, मी वैनींवरसुद्धा संशय घेतला. दुपारचा एकटेपणा खायला उठतो, मला वर बोलवायला त्याच ज्योतीपुढे हात धरत असतील... आणि मेसेज तर माझ्या मोबाइलवर येतो, मग दिव्याचं विचारायचं यांना त्याच क्षणी कसं सुचतं? सहाव्या माळेला मी जेवण झाल्यावर खाली गेल्याचं सोंग केलं आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या पडद्यामागे चोरासारखी उभी राहिले.

वैनी खुर्चीत. दोन्ही हात मांडीवर, बोटांत माळ. दिवा त्यांच्यापासून चांगला दोन हात लांब. ज्योत अगदी सरळ, वाऱ्याची झुळूक नाही. मी डोळ्याची पापणी हलू दिली नाही. त्यांच्या बोटांतली माळ थांबली. आणि माझ्या मुठीतला मोबाइल थरथरला.

‘दिवा पाहा.’

मी बघतच होते हो! दिवा होता.

"कुमुद," वैनी हळूच म्हणाल्या, मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक नसताना, "दिवा आहे ना गं?"

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण संशयी माणूस भ्याला तरी यंत्रालाच दोष देतो. मी म्हटलं, बोर्डच खराब आहे. राउटर काढला, बॅटरी काढली, सेन्सरची तार कापली. मंदारलाही कळवलं, की मशीन बंद, आता आम्ही दोघी डोळ्यांनीच पाहू.

अष्टमीला दुपारी मी फुलं आणायला दौलतगंजला गेले. कबाड्याकडून दुसरा राउटर बघावा म्हणून जुना सोबत घेतला होता. कापडी पिशवीत खाली राउटर, वर झेंडू. फुलवालीशी मी घासाघीस करत होते आणि मोबाइल वाजला. नाव ‘देवघर’. ‘दिवा पाहा.’

आधी वाटलं, जुना मेसेज अडकला असेल, आता पोचला. असं होतं नेटवर. उघडून पाहिला, वेळ तर आत्ताची. तोवर मंदारचा फोन.

"काकू, राउटर तू काढला होतास ना?"

"माझ्या पिशवीत आहे. झेंडूखाली."

त्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता असा झाला. "काकू, धाव. आईकडे धाव."

ई-रिक्षावाल्याला मी काय काय बोलले आठवत नाही. वर पोचले. देवघरात दिवा तेवत होता. त्याच्या शेजारी छोटी जोडनिरांजन लावलेली – वात सावरायची असली की आधी त्या ज्योतीवर दुसरी ज्योत लावून घेतात, म्हणजे चुकून विझलं तरी अखंडपणा मोडत नाही. वैनींनी ती लावली होती. वात सावरायचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि वैनी त्याच्या बाजूला. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून काही बोलायला बघत होत्या, शब्द फुटत नव्हता.

मी म्हटलं, "आहे वैनी, दिवा आहे." तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, थोडा उशीर झाला असता तर बोलणं गेलं असतं. मंदार संध्याकाळच्या गाडीने आला. आल्या आल्या आईला भेटला, मग घरी गेला. घट उठेपर्यंत दिवा त्याने सांभाळला. वात कशी सावरायची ते मला विचारून विचारून.

वैनी बोलू लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास? त्या आधी मंदारकडे बघेनात. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुपारी डोळ्यांपुढे अंधार यायचा. थोडाच वेळ. दिवा दिसेनासा व्हायचा... मला वाटायचं, विझलाच. पण सांगितलं असतं तर हा मला घेऊन गेला असता."

डॉक्टरांना त्यात नवल नव्हतं. मेंदूला रक्त कमी पडलं की असं होतं, म्हणे, मोठ्या झटक्याआधीची सूचना असते ती. सूचना! मी आणि मंदार एकमेकांकडे बघत राहिलो.

मी यावर खूप डोकं चालवलंय. समजा, मेसेज मंदारनेच पाठवले. मी अजूनही अधूनमधून तसं समजून बघते, सवय जात नाही. पण मग नोएडात बसून त्याला कसं कळलं, की इथे कुठल्या क्षणी आईच्या डोळ्यांपुढे अंधार आला? राउटरचं फर्मवेअर मी ओळ न् ओळ तपासलं. मला ठाऊक आहे तेवढंच त्यात आहे. त्या नळीला ज्योत दिसत होती. दिसत नव्हती ती वैनींना.

वैनी आता नोएडाला आहेत. गेल्या शेवटी. फोनवर म्हणतात, इथल्या लिफ्टमध्ये एक सोलापूरची बाई भेटते, बरी आहे. मंदारने मागच्या आठवड्यात मला सांगितलं, काकू, तो राउटर कुरियर कर ना, इथे आईच्या खोलीत ठेवतो. ज्याने मशीनवरून मला टोमणा मारला तोच.

मी हो म्हटलं, पण पाठवला नाही. माझ्या उशाशी, कपाटात आहे. बॅटरी नाही, तार कापलेली, मी जोडणारही नाही. त्याला कशाचीच गरज लागली नव्हती, मग जोडून काय करायचं... आणि पुन्हा कधी मेसेज आलाच, तर ‘दिवा आहे ना गं?’ हे वैनींनी आधी मलाच विचारलेलं मला हवंय.